आधी पिसू, मग उंदीर

माझी सगळी नोकरी उंदरांवर गेली. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात कामगार म्हणून लागलो आणि पर्यवेक्षक होऊन निवृत्त झालो. मधल्या काळात पाण्याच्या टाक्या तपासल्या, डासांच्या अळ्यांवर औषधं मारली. पण जास्त वर्षं गेली ती बिळं शोधण्यात, पिंजरे लावण्यात आणि मेलेले उंदीर पिशव्यांत भरून त्यांची नोंद करण्यात. गाव माझं चारठाणा, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. आमच्या गावाचं नाव निघतं ते जुन्या देवळांमुळे, बारवेमुळे, नाहीतर गावातल्या त्या उंच कोरीव स्तंभामुळे. तिथला एक पोरगा मुंबईत जाऊन उंदीर मारतो, ही काही अभिमानानं सांगण्याची गोष्ट नव्हती.

"काय करायलास रे मुंबईला?" असं पारावर कुणी विचारलं की "म्युनिसिपालटीत हाय" एवढ्यावर भागवायचो. लग्न जमवताना मामांनी "पोरगा आरोग्याच्या कामात हाय" असं सांगितलं. ते खोटंही नव्हतं. सासऱ्यांना खरं काम कळलं ते लग्नानंतर. रागावतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "मंग आमच्या आखाड्यावरच्या घुशींचं बगा की कायतरी, जावईबापू!" त्या दिवसापासून मी काम लपवायचं सोडलं.

गावात उंदीर आम्हाला नवा नव्हता. ज्वारीची कणगी आली की तिच्यामागे उंदीर यायचाच. आजी म्हणायची, "त्येला बी प्वाट हाय." दाणे खातो, कपडे कुरतडतो, झोपेत टाचेची कातडी खातो, एवढीच त्याच्याविषयीची तक्रार. उंदरापासून आजार होतो हे घरात कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. "गाठीचा ताप" हे शब्द मात्र म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात असायचे. त्या तापात गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे, घरात उंदीर पडला की आधी घर सोडायचं, असं ते सांगत. तो ताप म्हणजे प्लेग आणि झोपड्या घालणं हा त्यावरचा त्या काळातला सगळ्यात शहाणा उपाय, हे मला मुंबईत आल्यावर समजलं.

खात्यात लागलो तेव्हा कोकणातले एक मुकादम आमचे गुरू होते. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी आधी हातात काठी दिली नाही. "उंदीर मारायला कुणालाही येतं. तो राहतो कुठं, खातो काय, पाणी कुठं पितो, ते आधी बघ," म्हणाले. मग वॉर्डात फिरवून एकेक जात दाखवली. अंगापेक्षा लांब शेपटीचा, माळ्यावर आणि छपरात राहणारा, दोरीवरून चालणारा तो काळा घरउंदीर. गटाराच्या आसऱ्यानं राहणारा, अंगानं जाड, आखूड शेपटीचा तो गटारी उंदीर. बिळाच्या तोंडाशी मातीचा ढिगारा घालणारी आणि आत दाण्यांचा साठा करणारी ती घूस. कपाटात, कागदांत घर करणारा तो लहान घरउंदीर. चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण ती त्या कुळातली नव्हे, किडे खाते. नाना मात्र बजावायचे, "अंगावर पिसवा तिच्याही असतात, हात लावू नको."

मग खुणा शिकलो. भिंतीच्या कडेनं एकाच वाटेनं ये-जा करून पडलेला तेलकट काळा पट्टा, ताज्या लेंड्यांची चकाकी, लाकडावर दातांचे पांढरे ओरखडे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला कुरतडावंच लागतं. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि दोन-तीन महिन्यांत तीच पिल्लं पुन्हा वीण घालायला तयार. हे गणित कळल्यावर काठीवरचा माझा विश्वास उडाला.

नानांनी शिकवलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट फार साधी होती. संध्याकाळी वस्तीतली सगळी बिळं चिखलानं लिंपून टाकायची. सकाळी जाऊन बघायचं. जी पुन्हा उकरलेली दिसतील ती चालू बिळं. औषध फक्त त्यांत घालायचं आणि तोंड बंद करायचं. बाकीच्या बिळांत औषध घालणं म्हणजे पैसा मातीत घालणं. आमिषाचंही तसंच. झिंक फॉस्फाईड लावलेले दाणे थेट ठेवले तर एखादाच उंदीर खातो, त्याची तडफड बघून बाकीचे शहाणे होतात आणि कित्येक दिवस त्या दाण्याला तोंड लावत नाहीत. म्हणून आधी दोन-तीन दिवस तेल लावलेले साधे दाणे ठेवून सवय लावायची, मग औषधाचे. पुढे ब्रोमॅडिओलोनच्या वड्या आल्या. त्या खाल्ल्यावर उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, त्यामुळे कशानं मेला ते दुसऱ्याला कळत नाही.

रात्रपाळीच्या मूषक संहारकांचं काम वेगळं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि एका रात्रीत ३० उंदरांचं लक्ष्य. बाजाराच्या मागच्या बोळात, मासळीच्या ओट्यांखाली, खाऊगल्ली बंद झाल्यावर ही माणसं फिरतात. डोळ्यांवर उजेड पडला की उंदीर क्षणभर थबकतो. तेवढाच क्षण मिळतो. या जागांसाठी शिकलेली मुलंही अर्ज करत. आम्ही दिवसपाळीचे त्यांना "शिकारी" म्हणायचो, आणि ते आम्हाला "बिळं लिंपणारे गवंडी".

महापालिका एवढा खटाटोप का करते, हे नव्या कामगाराला कळावं म्हणून नाना मांडवीची गोष्ट सांगायचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या रुग्णांच्या गाठी बघून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असं सांगितलं. बंदराजवळची धान्याची गोदामं, त्यांना लागून अंधाऱ्या चाळी, आणि दोन्हींमध्ये उंदरांची मोकळी ये-जा. काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर आजारही देशभर गेला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा होती, तीच आजची हाफकिन संस्था. त्याच साथीत पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, १० मार्च १८९७ ला. पुढच्या दोन-तीन दशकांत या आजारानं हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली.

या इतिहासात आमच्या कामाचा धडा पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं दिला. १८९८ मध्ये कराचीत त्यानं दाखवून दिलं की उंदराकडून माणसाकडे प्लेग आणते ती पिसू. बरीच वर्षं लोकांना ते पटलं नाही. मग १९०५ नंतर प्लेग आयोगानं परळला प्रयोग केले. प्लेगच्या पिसवा असलेल्या जागेत जमिनीलगत ठेवलेली गिनीपिग मेली, आणि पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातली वाचली. प्लेगचे जंतू पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी गोळा होऊन वाट बंद करतात. तिला कितीही रक्त पिऊन पोट भरत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्याबरोबर थोडे जंतू अंगात सोडते. उंदीर मेला, त्याचं अंग गार झालं की ती त्याला सोडते आणि जवळचं गरम अंग शोधते. घरात ते गरम अंग माणसाचं असतं.

म्हणून आमच्या खात्यातला पहिला नियम असा की प्लेगचा संशय असेल तिथे उंदीर आधी मारायचा नाही. आधी पिसू, मग उंदीर. बिळांच्या तोंडाशी आणि वाटांवर कीटकनाशक भुकटी टाकायची, पिसवा मेल्या की मगच उंदरांकडे वळायचं. क्रम उलटा केला तर आपणच पिसवांना घराबाहेर काढून माणसांवर सोडतो. पुढच्या सगळ्या नोकरीत, आणि नोकरीबाहेरही, हा क्रम मला उपयोगी पडला.

१९९४ मध्ये हा नियम पुस्तकातून बाहेर आला. देशात कितीतरी वर्षं माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. प्लेग गेला असंच सगळे धरून चालले होते. त्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी पिसवांचा त्रास वाढला, उंदीर मरून पडू लागले आणि मग माणसांना ताप येऊन जांघेत, काखेत गाठी आल्या. बीड म्हणजे आमचा शेजारचा जिल्हा. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. मराठवाडाभर लोक भीतीनं महिनोन्महिने घराबाहेर झोपत होते, आमचं गावही त्याला अपवाद नव्हतं. मामल्यातही लोक घरं सोडून बाहेर राहिले, धान्य घरातच राहिलं, उंदरांना मोकळं रान मिळालं आणि रानातल्या उंदरांमधला आजार गावातल्या उंदरांपर्यंत पोचला, असं तेव्हा अभ्यासकांनी मांडलं. घर, धान्य आणि उंदीर यांचं हे नातं मी लहानपणी चारठाण्याच्या घरात बघितलं होतं, त्यामुळे मला ते पटायला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगच्या बातम्या आल्या आणि सगळा देश हादरला. गाठीचा प्लेग पिसवेमुळे होतो, फुप्फुसाचा मात्र खोकल्यातून माणसाकडून माणसाला होतो. लाखो लोक सुरत सोडून निघाले, त्यांतले कितीतरी मुंबईला आले. औषधांच्या दुकानांतली टेट्रासायक्लीनची पाकिटं संपली. लोकलमध्ये जो तो तोंडाला रुमाल बांधून. आमच्या खात्याच्या सुट्ट्या रद्द झाल्या. गोदामांत आणि बाजारांत पिंजरे लावायचे, सापडलेले उंदीर क्लोरोफॉर्मनं बेशुद्ध करायचे, पांढऱ्या इनॅमलच्या थाळीवर धरून त्यांच्या केसांतून बारीक कंगवा फिरवायचा आणि पडलेल्या पिसवा मोजायच्या. एका उंदरामागे सरासरी किती पिसवा निघतात, त्यावरून धोका ठरतो. प्लेग वाहणारी जात एका उंदरामागे एकाहून जास्त भरली की ती जागा धोक्याची. त्या दिवसांत मला घरून पत्र आलं, "उंदराचं काम सोड आन गावाला ये." मी उत्तर लिहिलं, "गावात उंदीर पडला तर हात लावू नका, मारूही नका, दवाखान्यात सांगा. माझी काळजी करू नका, माझ्या हातात मोजे आहेत."

जागतिक आरोग्य संघटनेनं नंतर जाहीर केलेल्या आकड्यांत रक्ततपासणीवरून संशयित ठरलेले ८७६ रुग्ण होते. त्यांतले ५९६ एकट्या महाराष्ट्रातले. मृत्यू ५४, आणि त्यांतले बहुतेक सुरतेतले. मराठवाड्यात गाठीच्या प्लेगचे रुग्ण इतके असून प्राण गेले नाहीत, याचं कारण हा जंतू साध्या, स्वस्त औषधांनी मरतो. मात्र ते वेळेत सुरू व्हावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी मांडवीत जे माणसांच्या हातात नव्हतं ते आता होतं.

मला वाटलं होतं की प्लेग बघितला म्हणजे उंदरांचं सगळं बघून झालं. ते २००५ पर्यंतच खरं ठरलं. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गटारं, नाले, तबेले, उकिरडे, बिळं यांचं पाणी एक झालं आणि त्यातून लाखो माणसं कमरेएवढ्या पाण्यात चालत घरी गेली. आठवड्या-दोन आठवड्यांनी तापाचे रुग्ण वाढले. लेप्टो. पूर्ण नाव लेप्टोस्पायरोसिस, पण मुंबईत ते कुणी म्हणत नाही.

प्लेगचा उंदीर मरतो आणि मरून आपल्याला सावध तरी करतो. लेप्टोचा उंदीर मरत नाही, आजारीही दिसत नाही. जंतू त्याच्या मूत्रपिंडात राहतात आणि लघवीतून महिनोन्महिने बाहेर पडत राहतात. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात ते आठवडेच्या आठवडे तग धरतात. आपल्या पायाला एखादी भेग, चिखल्या, खरचटलेलं असेल, किंवा डोळ्यात-तोंडात पाणी उडालं, तर तेवढी वाट त्यांना पुरते. कुत्री, गुरं, डुकरंही हा जंतू वाहतात. म्हणजे इथे पिसू नाही, चावाही नाही, आणि उंदीर समोर दिसण्याचीसुद्धा गरज नाही. 'आधी पिसू, मग उंदीर' या आमच्या नियमात पिसवेच्या जागी आता पाणी आलं होतं.

आमच्या टोळीतला एक कामगार त्या ऑगस्टमध्ये आडवा झाला. अंगानं दणकट, एरवी सर्दीलाही न जुमानणारा. ताप, डोकं फुटेल असं दुखणं, डोळे लाल, आणि पोटऱ्या इतक्या दुखत की हात लावू देईना. चाळीत सगळे म्हणाले, पुराच्या दिवसांत चालला, दमला, अंगदुखी आहे. त्याच्या बायकोनं मात्र आमच्या प्रशिक्षणातलं पत्रक कधीतरी वाचलं होतं. तिनं त्याला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगितलं, "हे गटाराचं काम करतात, आठ दिवसांमागं पुराच्या पाण्यात होते." तिथून पुढे तपासणी आणि औषध यांना वेळ लागला नाही. तो वाचला. लेप्टो बळावला की कावीळ होते, मूत्रपिंडं थांबतात, फुप्फुसांत रक्त उतरतं, आणि मग मोठ्या रुग्णालयातही डॉक्टरांच्या हातात फार उरत नाही. त्याला वाचवलं डॉक्टरांनी, पण डॉक्टरांना वाट दाखवली ती त्या बाईच्या एका वाक्यानं.

पुढे मुंबईत दर पावसाळ्यात महापालिका सांगू लागली की साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्यानं डॉक्सीसायक्लीन घ्या. लहान मुलांना आणि गरोदर बायांना दुसरं औषध देतात. हे माझ्या काळातलं मोठं काम, असं मी मानतो. मारलेल्या उंदरांचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, त्यापेक्षा ही एक गोळी वेळेवर पोटात गेलेली माणसं मोजली पाहिजेत.

त्या आकड्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण त्याच्यापायी मी बरीच बोलणी खाल्ली. "या वर्षी किती मारले?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बिळं किती बंद झाली, हे कुणी विचारत नाही. एका वस्तीतले निम्मे उंदीर मारले आणि अन्न तेवढंच ठेवलं, तर उरलेल्यांना दुप्पट खायला मिळतं आणि काही महिन्यांत संख्या पुन्हा होती तिथे येते. जुन्या मुंबईत दोन इमारतींच्या मागे चिंचोळी घरगल्ली असते. मूळ हेतू सांडपाण्याचे नळ आणि सफाई यांचा. प्रत्यक्षात वरच्या मजल्यांवरून तिथे शिळा भात, माशांचे काटे, मुलांचे लंगोट पडतात. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला दर पंधरवड्याला बोलावलं. दर वेळी आम्ही औषध घालायचो, दर वेळी उंदीर मरायचे, दर वेळी पुन्हा यायचे. शेवटी मी म्हटलं, "साहेब, तुम्ही वरून जेवण वाढताय आणि मी खाली विष वाढतोय. त्यांना दोन्ही पचतंय." ते हसले. मग गल्लीवर जाळी बसली, कचरा डब्यात जाऊ लागला, फुटलेले नळ बदलले. पुढच्या पावसाळ्यात त्या गल्लीतली चालू बिळं एका हाताच्या बोटांवर आली. औषध तेवढंच होतं. वरून वाढणं बंद झालं होतं.

उंदराबरोबर येणारे जंतू प्लेग आणि लेप्टो या दोघांवर संपत नाहीत. उंदीर चावल्यावर दोन-तीन आठवड्यांनी जखम पुन्हा सुजून येणारा ताप आहे, आणि त्याचा एक जंतू १८८० च्या दशकात उंदराच्या रक्तात पाहिला तो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या हेन्री व्हॅनडाईक कार्टर यांनी. त्यांचं नाव जगाला माहीत आहे ते 'ग्रेज् ॲनाटॉमी'मधल्या चित्रांसाठी. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली. त्याचा जंतू गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लांत असतो आणि ती पिल्लं पोसली जातात उंदरांच्या अंगावर. ती चावली तिथे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. काखेत, जांघेत, कमरेच्या कडेला ती शोधावी लागते, रुग्ण आपणहून दाखवत नाही. हाही आजार डॉक्सीसायक्लीननं बरा होतो आणि उशीर झाला तर जीव घेतो.

निवृत्तीनंतर चारठाण्याला परत आलो. गाव बदललं आहे. फाट्यावर हॉटेलं झाली, त्यांच्यामागे उरलेलं अन्न पडतं. ज्वारीच्या कणग्या गेल्या, सोयाबीनची पोती घरातच थप्पीला लागतात, भाव येईपर्यंत महिनोन्महिने. नाल्या सिमेंटच्या झाल्या, पण त्यांत प्लास्टिक अडकून पाणी तुंबतं. सिमेंटच्या फटीत गटारी उंदरानं घर केलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मुंबईत ज्या चार गोष्टी उंदराला हव्या असतात, आडोसा, दाणा, ओल आणि कुणाचं लक्ष नसणं, त्या आता तालुक्याच्या गावीच काय, फाट्यावरही आहेत. शहरातला उंदीर इथे येण्यासाठी एस.टी.चं तिकीट काढत नाही. आपण शहरासारखं राहू लागलो की इथलाच उंदीर शहरी होतो.

त्यात एक गोष्ट आपण स्वतः बिघडवतो. धामण दिसली की मारतो. एक धामण किती घुशी खाते, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, तरी काठी उचलली जातेच. गव्हाणी घुबड अपशकुनी म्हणून हाकलतो. उंदीर फुकटात मारणाऱ्या या दोघांना हाकलून नंतर कृषी केंद्रातून विष विकत आणतो आणि तेही शेजाऱ्याशी न बोलता, एकट्याच्या बांधापुरतं. घूस बांध ओळखत नाही. सगळ्या शिवारानं एकाच आठवड्यात, पेरणीआधी, चालू बिळं बघून काम केलं तरच उपयोग होतो.

सासऱ्यांच्या आखाड्यावरचं काम मी शेवटी केलं. ते आता नाहीत. त्यांच्या मुलांनी गोदामाला दीड-दोन हात उंचीचा सिमेंटचा ओटा घातला, दाराखालच्या फटीला पत्रा ठोकला, पोती भिंतीपासून हातभर दूर लावली, गोठ्याचं पाणी वाहून जाईल अशी चर काढली. मग बिळं लिंपून चालू बिळं बघितली आणि त्यांतच औषध घातलं. घुशी पूर्ण गेल्या नाहीत, जाणारही नाहीत. पण धान्याच्या घरात आता त्यांचा राबता नाही.

माझ्या गावातल्या आणि गावासारख्या सगळ्या गावांतल्या वाचकांना शेवटी एवढंच सांगतो. घरात एकाएकी उंदीर मरून पडू लागले तर शेपटी धरून बाहेर टाकू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. चिखलात, तुंबलेल्या पाण्यात उतरायचं असेल तर गमबूट घाला, नसतील तर पायाच्या भेगांवर पट्टी बांधा आणि घरी आल्यावर साबणानं पाय धुवा. गोठ्यातलं आणि अंगणातलं पाणी साचू देऊ नका. ऊन आणि कोरडेपणा यांत लेप्टोचा जंतू फार टिकत नाही, आणि आपल्या परभणीत उन्हाची काही कमी नाही. ताप आला की "जरा व्हायरल असेल" म्हणून दुकानातून गोळ्या आणू नका. डॉक्टरांपुढे बसलात की त्यांनी विचारण्याची वाट न बघता पहिलं वाक्य हेच सांगा: गेल्या महिनाभरात मी कुठल्या पाण्यात उतरलो, कुठल्या गवतात काम केलं, घरात-गोदामात उंदीर किती आहेत. या आजारांवरची औषधं स्वस्त आहेत आणि बहुतेक सरकारी दवाखान्यांत मिळतात. ती वेळेवर मिळणं मात्र तुमच्या त्या एका वाक्यावर ठरतं.